पशुवैद्यकाला विचारा : तबेल्यातील ताप आणि खोकला

प्रश्न : सारंगखेड्याच्या यात्रेत विकत घेतलेली घोडी मी घरच्या तीन घोड्यांशेजारीच बांधली. आठ दिवसांनी तिला ताप आला, नाकातून घट्ट पिवळा स्राव येऊ लागला आणि जबड्याखाली सूज दिसली. आता दुसऱ्या घोड्यानेही चंदी खाणे सोडले आहे. चौघांनाही प्रतिजैविकाची इंजेक्शने द्यावीत काय?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : सरसकट इंजेक्शने देऊ नयेत. आपले वर्णन ‘स्ट्रँगल्स’ या जिवाणूजन्य आजाराशी जुळते. त्याची लक्षणे संसर्गानंतर साधारणतः 3 ते 14 दिवसांत दिसतात, तर इन्फ्लुएंझा 1 ते 3 दिवसांतच कोरड्या खोकल्यासह तबेलाभर पसरतो आणि तो विषाणूजन्य असल्याने त्यावर प्रतिजैविके निरुपयोगी ठरतात. स्ट्रँगल्समध्येही गाठ पिकू लागल्यावर ही औषधे दिली तर ती पिकून फुटण्यास उशीर होऊ शकतो. म्हणून ती द्यावीत की नाही, हे घोडी तपासणाऱ्या पशुवैद्यकानेच ठरवावे. मात्र श्वास घेताना घरघर होत असेल किंवा पाणीही गिळता येत नसेल, तर एक तासही थांबू नका.

औषधांचा निर्णय होण्याआधी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवून ‘ग्लँडर्स’ या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगासाठी रक्ततपासणी करून घ्या. नाकात व्रण किंवा कातडीवर गाठी दिसल्यास तर हे अधिकच निकडीचे आहे, कारण हा रोग माणसालाही होतो आणि जीवघेणा ठरू शकतो. 2009 च्या केंद्रीय कायद्यानुसार त्याची खबर देणे बंधनकारक आहे. अहवाल येईपर्यंत हातमोजे व मुखपट्टी वापरावी आणि एकही घोडा वरातीला पाठवू नये.

घोडीला आणि आजारी घोड्याला आजच वेगळ्या जागी हलवा. बादली, तोबरा, खरारा, लगाम सारे स्वतंत्र हवे. मोतद्दारही स्वतंत्र असावा, आणि ते शक्य नसेल तर त्याने आधी निरोगी घोड्यांचे काम उरकून मगच आजारी घोड्यांकडे जावे. फुटलेल्या गाठीचा पू अत्यंत संसर्गजन्य असतो. उरलेल्या दोन घोड्यांचे तापमान सकाळ-संध्याकाळ गुदद्वारातून मोजा. निरोगी घोड्याचे तापमान सुमारे 99.5 ते 101.3 अंश फॅरनहाइट असते. स्ट्रँगल्समध्ये नाकातून जिवाणू बाहेर पडू लागण्याच्या एक-दोन दिवस आधी बहुधा ताप येतो, त्यामुळे ताप दिसताच घोडा बाजूला केल्यास साखळी तिथेच तुटू शकते. माझ्या मते या घडीला इंजेक्शनपेक्षा थर्मामीटर अधिक मोलाचा आहे.

घोडी बरी दिसली तरी लगेच इतरांत मिसळू नका. काही घोड्यांच्या घशामागील हवेच्या पिशव्यांत जिवाणू महिनोन्महिने राहतात. त्या पिशव्यांची दुर्बिणीने तपासणी करून किंवा आठवड्याच्या अंतराने नाकाच्या धुवणाचे तीन नमुने तपासून खात्री करावी. पुढच्या खेपेस यात्रेतून आणलेले जनावर किमान तीन आठवडे वेगळे ठेवावे.

प्रश्न : माझ्या घोड्याला ताप नाही, खातो-पितो चांगला, पण कोरडे गवत खाताना व काम करताना कित्येक महिन्यांपासून खोकतो. हाही संसर्ग असेल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : असा खोकला बहुधा धूळ व बुरशीमुळे होणाऱ्या दम्याचा असतो, तरीही पशुवैद्यकाकडून फुप्फुसे तपासून घ्यावीत. गवत अर्धा तास पाण्यात भिजवून आणि जमिनीलगत द्या, कारण मान खाली गेली की श्वासमार्गातील स्राव आपोआप बाहेर पडतो. घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही, म्हणून नाकावाटे येणाऱ्या हवेला त्याच्यापाशी पर्याय नाही. तबेल्यात गुडघ्यावर बसून श्वास घेऊन पाहा. डोळे चुरचुरले, तर लीद-मुतारीची सफाई अपुरी आहे. हिवाळ्यात सगळीकडून गोणपाट लावण्याची आपल्याकडची पद्धत घातक आहे. वारा थेट अंगावर येऊ देऊ नये, पण छपराखालच्या फटी उघड्याच ठेवाव्यात. झाडलोट करताना घोड्याला बाहेर बांधावे आणि धूळ बसल्यावरच आत आणावे.