आम्ही चार नवशिके मिळून पहिल्या ट्रायथलॉनची तयारी करत आहोत. एकमेकांचा हुरूप कसा टिकवावा?

तुम्ही कळवलेली परिस्थिती थोडक्यात अशी आहे : चौघांनी स्प्रिंट अंतराच्या ट्रायथलॉनसाठी नावे नोंदवली आहेत, स्पर्धेला साधारण चार महिने आहेत आणि चौघांपैकी कोणीही यापूर्वी अशी स्पर्धा पाहिलेलीसुद्धा नाही. एकजण झपाट्याने पुढे निघून गेला आहे, एका मैत्रिणीला खोल पाण्याची धास्ती वाटते, आणि ग्रुपवर रोज पडणाऱ्या ‘भारी!’, ‘जबरदस्त!’ अशा संदेशांचा आता कोणावरच परिणाम होईनासा झाला आहे. मी अशाच एका नवशिक्यांच्या गटातून या खेळात आलो आणि पुढेही नव्याने येणाऱ्यांबरोबर सराव करत राहिलो. त्या अनुभवावरून मला वाटते की तुमचे प्रोत्साहन जिथे गरज नाही तिथे जास्त खर्च होत आहे आणि जिथे गरज आहे तिथे पोहोचत नाही.

स्प्रिंट अंतर म्हणजे लागोपाठ ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणे. सामान्य तब्येतीच्या नवशिक्याला हे सगळे मिळून दीड ते दोन तास लागतात आणि त्यातले पोहणे बहुधा पंचवीस मिनिटांच्या आत आटोपते. तरीही नाव मागे घेणाऱ्यांशी बोलून पाहिले की कारण जवळजवळ नेहमी पाणीच निघते. त्यामुळे एकमेकांसाठी वेळ काढायचा असेल तर तो अंतराच्या प्रमाणात वाटू नये. ज्याची भीती सर्वांत मोठी, त्याच्या वाट्याला सर्वांत जास्त वेळ यावा.

पाण्याला घाबरणाऱ्या माणसाला ‘घाबरू नकोस, तुला जमेल’ असे सांगून फारसे काही साधत नाही, कारण ती भीती मनातून जितकी येते तितकीच श्वासातूनही येते. नवशिका पोहणारा चेहरा पाण्यात असताना श्वास कोंडून धरतो आणि डोके वळवल्यावर मिळणाऱ्या क्षणभरात त्याला हवा बाहेर सोडणे आणि आत घेणे ही दोन्ही कामे उरकावी लागतात. साहजिकच दोन्ही अर्धवट राहतात, शरीरात कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि हातपाय मुळीच थकलेले नसतानाही हवा पुरत नाही अशी भावना होते. यावर एक साधा सराव आहे. छातीइतक्या पाण्यात दोघांनी शेजारी उभे राहावे. एकाने चेहरा पाण्यात घालून नाकातोंडातून सावकाश बुडबुडे सोडावेत आणि दुसऱ्याने ते पाहावेत. बुडबुडे सुरुवातीपासून एकसारखे येत असतील तर ठीक. आधी काहीच नाही आणि शेवटी एकदम फसकन आले, तर श्वास अजून कोंडला जात आहे. ‘या वेळी मध्ये तुटले नाहीत’ हे वाक्य जोडीदाराने सांगितले, तर तुमच्या मैत्रिणीला त्याचा उपयोग दहा ‘जबरदस्तां’पेक्षा जास्त होईल.

तिला स्पर्धेचे दोन नियमही आताच सांगून ठेवावेत, कारण ते कळल्यावर बऱ्याच जणांचे ओझे हलके झालेले मी पाहिले आहे. पहिला असा की ट्रायथलॉनमध्ये फ्रीस्टाइलची सक्ती नसते. ब्रेस्टस्ट्रोक चालतो, पाठीवर पोहलेलेही चालते. दुसरा असा की दम खाण्यासाठी बोया (मार्ग दाखवणारा तरंगता फुगा) किंवा बचावपथकाची कयाक (छोटी वल्ह्याची नाव) धरून थांबता येते, फक्त त्यांच्या आधाराने पुढे सरकायचे नसते. हात वर केला की मदत येते. म्हणून सरावात ‘थांबण्याचा’ही सराव करावा : मध्येच उताणे होऊन तरंगायचे, श्वास ताळ्यावर आणायचा आणि मग पुन्हा वळून पोहायला लागायचे. ज्याला हे हमखास येते, त्याला ७५० मीटर फारसे घाबरवत नाहीत.

स्पर्धा खुल्या पाण्यात असेल तर जलतरण तलावातल्या दोन सोयी तिथे नसतात. तळाची काळी रेघ नसते आणि दर २५ मीटरवर हात टेकायला भिंतही नसते. त्यामुळे दर सहा-आठ हातांनंतर मगरीसारखे डोळे जेमतेम पाण्यावर काढून खूण शोधण्याची सवय लावावी लागते. पूर्ण डोके वर काढले की पाय खाली जातात, हे शेजारी पोहणाऱ्याला चटकन दिसते. पोहणाऱ्याला स्वतःला कळत नाही. पाणी थंड असेल तर पहिल्या मिनिटभरात धाप लागल्यासारखे श्वास आपोआप ओढले जातात, म्हणून उडी न मारता हळूहळू उतरावे, चेहऱ्यावर व मानेवर पाणी मारावे आणि श्वास स्थिरावल्यावरच पोहायला लागावे. खुल्या पाण्यात एकट्याने जायचे नाही, ही अट चौघांनीही एकमेकांवर घालावी. जोड्या ठरवाव्यात, ठळक रंगाच्या टोप्या घालाव्यात, कमरेला बांधायचा तरंगता फुगा वापरावा, आणि पाण्यात न उतरणारा एकजण काठावर असावा, ज्याचे काम फक्त डोकी मोजण्याचे असेल.

इथे एक गंभीर गोष्ट सांगणे आवश्यक आहे. अमेरिकेतील १९८५ ते २०१६ या काळातील ट्रायथलॉन स्पर्धांचा अभ्यास झाला, त्यात मृत्यू आणि हृदय बंद पडण्याच्या १३५ घटना आढळल्या आणि त्यांपैकी ९० पोहताना घडलेल्या होत्या. भाग घेणाऱ्यांच्या संख्येच्या मानाने हा धोका फार लहान आहे, परंतु तो कुठे एकवटलेला आहे हे यावरून स्पष्ट दिसते. म्हणून चाळिशी ओलांडलेल्यांनी किंवा घरात हृदयविकार असलेल्यांनी तयारीच्या आरंभीच डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. आणि व्यायामात कोणाला छातीत दुखले, भोवळ आली किंवा नेहमीपेक्षा वेगळी धाप लागली, तर गटाने त्याला ‘अजून थोडे’ म्हणता कामा नये.

आज पोहणे पहिले असते, तसे ते सुरुवातीला नव्हते. ‘ट्रायथलॉन’ या नावाची पहिली आधुनिक स्पर्धा २५ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेतील सॅन डिएगोच्या मिशन बे येथे झाली. ४६ जण उतरले, आणि त्यात धावणे आधी, पोहणे शेवटी असा क्रम होता. एकूण अंतर जेमतेम साडेनऊ किलोमीटर धावणे, आठ किलोमीटर सायकल आणि अर्ध्या किलोमीटरहून कमी पोहणे इतके असूनही मागे राहिलेल्यांना अंधार पडू लागला, तेव्हा मोटारींचे दिवे पाण्याकडे वळवून उजेड करावा लागला. थकलेल्या माणसाला शेवटी पाण्यात उतरवणे शहाणपणाचे नाही, म्हणून आता पोहणे आधी घेतात. माझ्या दृष्टीने यातली गंमत अशी की त्या दिवशी उतरलेले ४६ च्या ४६ जण तुमच्यासारखेच पहिली ट्रायथलॉन करत होते.

आता पुढे निघून गेलेल्या मित्राबद्दल. सोबतीने माणसाचा वेग वाढतो, हे मानसशास्त्रज्ञ नॉर्मन ट्रिप्लेट यांनी सायकलस्वारांच्या नोंदी पाहून १८९८ मध्येच मांडले होते. नवशिक्यांच्या गटात याच गुणाचा त्रास होतो. आठवड्यातला बहुतेक सराव इतका सावकाश असला पाहिजे की धावताना किंवा सायकल चालवताना पूर्ण वाक्य बोलता यावे. पण चौघे एकत्र निघाले की सर्वांत वेगवान माणसाचा वेग हाच गटाचा वेग होऊन बसतो, मागचे तिघे धापा टाकत राहतात, आणि दोन-तीन आठवड्यांत कोणाची तरी पोटरी किंवा गुडघा बोलू लागतो. यावर उपदेश करण्यापेक्षा सरावाची रचनाच बदलावी. सायकलवर एकत्र निघावे, तीस मिनिटे झाली की जो जिथे असेल तिथून त्याने परत फिरावे. वेगवान मित्र जास्त लांब जाऊन येतो, तरीही सगळे जवळजवळ एकाच वेळी परत पोहोचतात आणि कोणालाही कोणासाठी थांबावे लागत नाही. धावण्यासाठी लहान फेरीचा रस्ता निवडला की तोच हेतू साधतो. जलतरण तलावात मात्र त्या मित्राने दर सरावात थोडा वेळ बाहेर येऊन इतरांचे पोहणे पाहावे. त्याला काम मिळते आणि बाकीच्यांना डोळे मिळतात.

सायकलिंगमध्ये एक सावधगिरी बाळगावी. पुढच्या सायकलच्या मागे चिकटून चालवले की वाऱ्याचा विरोध बराच कमी होतो, आणि गटात सराव करणाऱ्याला नकळत त्याची सवय लागते. बहुतेक हौशी स्पर्धांमध्ये हे ड्राफ्टिंग निषिद्ध असते. जागतिक संघटनेच्या नियमांनुसार स्प्रिंट आणि ऑलिंपिक (स्प्रिंटच्या दुप्पट) अंतराच्या अशा स्पर्धांत पुढच्या सायकलपासून १० मीटरचे अंतर राखावे लागते. म्हणून अधूनमधून एकत्र निघूनही एकेकट्याने, अंतर ठेवून २० किलोमीटर पूर्ण करावे. सायकल कोणती असावी यावर मी वेळ घालवणार नाही. ब्रेक चांगले असलेली आणि बैठकीची उंची तुमच्या मापाची असलेली कोणतीही सायकल पहिल्या स्पर्धेला पुरते.

सायकलवरून उतरून लगेच धावण्याला ब्रिक म्हणतात. पहिली पाच-सात मिनिटे पाय आपले नाहीतच असे वाटते. हा अनुभव स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा येऊ नये, यासाठी आठवड्यातून एकदा सायकलनंतर दहा-पंधरा मिनिटांचे धावणे पुरेसे आहे, आणि हा सराव चौघांनी एकत्र करण्यासारखा आहे, कारण आपल्यासारखेच इतरही अडखळत पळताना दिसले की मनातली शंका तिथेच विरते. त्याच वेळी ट्रान्झिशनचाही, म्हणजे एका खेळातून दुसऱ्यात जाताना सामान बदलण्याचाही, सराव उरकावा : टॉवेलवर बूट उघडे मांडायचे, हेल्मेट हँडलवर उलटे आणि पट्टे बाहेर टाकून ठेवायचे, ते डोक्यावर घालून बकल लावायचे आणि मगच सायकलला हात लावायचा. परतल्यावर सायकल जागेवर लावून झाल्याशिवाय बकल काढायचे नाही. घाईत हाच क्रम उलटा होतो आणि दंड बसतो, म्हणून एकाने करावे आणि दुसऱ्याने फक्त बकलकडे लक्ष ठेवावे.

ग्रुपवर काय लिहावे, हाही हुरूप टिकवण्याचाच भाग आहे. माझ्या मते वेग आणि अंतराचे स्क्रीनशॉट टाकणे महिनाभर बंद करून पाहावे, कारण ते टाकणाऱ्याला दोन मिनिटे आनंद देतात आणि मागे असलेल्याला दिवसभर खातात. त्याऐवजी प्रत्येकाने आज कोणती एक गोष्ट आधीपेक्षा बरी झाली ते लिहावे : ‘१०० मीटर सलग गेले, भिंतीला हात न लावता’ किंवा ‘चढावर गिअर वेळेवर बदलला’. अशा वाक्याला उत्तर देणाऱ्यालाही नेमके काहीतरी लिहावे लागते. कोणी दोन-तीन दिवस दिसले नाही, तर ‘कुठे गायब?’ असे चारचौघांत विचारण्यापेक्षा एकाने फोन करून ‘उद्या वीस मिनिटेच, सोबत येतेस का?’ असे विचारावे. आणि दुखण्याविषयी एक ठाम नियम हवा : ज्या दुखण्यामुळे चाल बदलते, त्या दुखण्यावर पळायचे नाही, आणि त्या दिवशी विश्रांती घेणाऱ्याचे गटाने समर्थन करायचे. नवशिके दुखणे लपवतात ते बहुधा गटाला काय वाटेल या धाकानेच.

आठवड्याचा आराखडा साधाच ठेवावा. प्रत्येक खेळ दोनदा, एक पूर्ण विश्रांतीचा दिवस, पोहण्याचा तिसरा सराव जमला तर उत्तमच. शेवटच्या आठवड्यात सराव निम्म्यावर आणावा आणि स्पर्धेच्या दिवशी नवे बूट, नवे पेय, नवा गॉगल यांतले काहीही वापरू नये.

हात धरून एकत्र शेवटची रेषा ओलांडण्याचा बेत असेल तर तो आधी नियमांशी ताडून पाहा. ऑगस्ट २०१९ मध्ये टोकियोतील ऑलिंपिक चाचणी स्पर्धेत ब्रिटनच्या जेसिका लर्मंथ आणि जॉर्जिया टेलर-ब्राउन हातात हात घालून पहिल्या आल्या आणि ठरवून बरोबरी साधल्याबद्दल दोघीही बाद झाल्या; विजेतेपद फ्लोरा डफी यांना मिळाले. हौशी स्पर्धेत कोणी इतके कठोर असेलच असे नाही, पण चौघांनी शेवटपर्यंत एकत्र राहण्याचे वचन देऊ नये असे माझे मत आहे, कारण त्यात पुढचा कुढतो आणि मागचा अपराधी वाटून घेतो. वाटेत एकमेकांना पंप, ट्यूब किंवा पंक्चरचे सामान देणे जागतिक संघटनेच्या नियमांत बसते. ज्याच्यावाचून देणाऱ्याचीच स्पर्धा थांबेल अशी वस्तू मात्र देता येत नाही.

जे आधी पोहोचतील त्यांनी शेवटच्या रेषेपाशी घोटाळण्याऐवजी धावण्याच्या शेवटच्या किलोमीटरवर, रस्त्याच्या बाहेर उभे राहावे. मागून येणाऱ्याबरोबर पळायला लागू नये. ते बाहेरची मदत ठरू शकते. आणि ‘आलंच आता’ असे ओरडू नये, कारण दमलेला माणूस त्यावर विश्वास ठेवतो आणि पुढच्या वळणावर रेषा न दिसल्याने खचतो. आधी चालत जाऊन अंतर पाहून ठेवावे आणि तेवढेच सांगावे : ‘झाडापाशी डावीकडे वळ, तिथून चारशे मीटर.’