मध्ययुगीन शहरातली पक्ष्यांची हाडं: काय कळतं, कुठे फसायला होतं

इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात कॉपरगेट इथल्या उत्खननात (१९७६ ते १९८१) निघालेल्या पक्ष्यांच्या हाडांत कोंबडीच जास्त. मग "लोक कोंबडी खात" यापलीकडे काय कळणार, असा प्रश्न आहे. बरंच कळतं. पण आधी माती कशी चाळली ते विचारा. हाताने वेचलेल्या हाडांत कोंबडी आणि पाळीव हंस भरपूर दिसतात, चिमणीएवढे पक्षी निसटतात. २ मिमीच्या जाळीवर पाण्याने धुऊन चाळलं नसेल, तर "लहान पक्षी खात नसत" असं म्हणूच नका.

सगळ्यात बोलकी पायाची हाडं. मांडीचं हाड किंवा नडगी मोडलेली असेल तर पोकळीत डोकवा. आत दाणेदार, चुन्यासारखा भर दिसला तर ती कोंबडी मेली तेव्हा अंडी घालण्याच्या काळात होती. कवचासाठी लागणारं कॅल्शियम ती तिथे साठवते. अशी हाडं बरीच मिळाली तर अंड्यांसाठी कोंबड्या पाळत होते, हे उघड आहे. टोकं सच्छिद्र असतील तर पक्षी कोवळा.

नर ओळखायला पायावरचा काटा बघतात, आणि इथेच घोळ होतो. काही म्हाताऱ्या कोंबड्यांनाही काटा येतो, उलट तरुण कोंबड्याचा काटा हाडाला जुळलेला नसल्याने गळून जातो. म्हणून लांबीही मोजा. हाडं पुरेशी असतील तर मापांचे दोन गट पडतात: लहान माद्यांचा, मोठा नरांचा. खच्ची केलेल्या कोंबड्याची हाडं मात्र जास्त वाढतात आणि हा हिशोब बिघडवतात. फेझंट (कोंबडीच्या कुळातला रानपक्षी) वेगळा काढणं सोपं: त्याच्या मांडीच्या हाडाला वरच्या टोकाशी हवेचं छिद्र असतं, कोंबडीला नसतं.

हंसाच्या पंखाच्या टोकांची हाडं एकाच खड्ड्यात खूप निघाली तर जेवणापेक्षा पिसांचा विचार करा. बाणांना आणि लेखण्यांना तीच लागत.

तांबडी घार आणि रॅव्हन (मोठा कावळा) यांची हाडं सहसा ताटातली नसतात. हे पक्षी उकिरड्यावर जगत, म्हणजे कचरा उघड्यावर पडत होता. तरी सुरीच्या खुणा आहेत का ते तपासाच.

आणि "मध्ययुगीन" थरात टर्की निघाली तर आनंदू नका. ती अमेरिकेतून युरोपात १६व्या शतकात आली. थरात नंतरचा खड्डा किंवा बीळ घुसलंय, त्या थरातली बाकीची हाडंही बाजूला ठेवा.