लहानपणी ‘भावी चॅम्पियन’ म्हणून गाजलेले टेनिसपटू पुढे वाया का जातात?

प्रश्नात तुम्ही रिशार गास्के, ग्रिगोर दिमित्रोव आणि बर्नार्ड टॉमिक ही तीन नावं एका ओळीत लिहिलीत, तिघंही वाया गेले असं ठरवून टाकलंत आणि मग आत्ताच्या पोरांमधला खरा कोण हे कसं ओळखायचं असं विचारलंत. या तिघांना एका ओळीत बसवणंच मला मान्य नाही. टॉमिकचं नंतर बघू. गास्केपासून सुरुवात करतो, कारण त्याच्यावरून आमच्या घरात वर्षानुवर्षं वाद चालू आहे.

1996 साली एका फ्रेंच टेनिस मासिकाने नऊ वर्षांच्या गास्केला मुखपृष्ठावर छापलं आणि फ्रान्स ज्याची वाट बघतोय तो चॅम्पियन हाच का, असं विचारलं. 1983 मध्ये फ्रान्सच्याच यानिक नोआने रोलँ गारोस, म्हणजे फ्रेंच ओपन, जिंकलं, त्यानंतर फ्रान्सच्या एकाही पुरुषाला एकेरीचं ग्रँड स्लॅम, म्हणजे टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एकही, मिळालेलं नव्हतं. आजही मिळालेलं नाही. ती सगळी भूक त्यांनी चौथीतल्या पोराच्या डोक्यावर ठेवली. पोरगा खरंच चांगला होता, त्यात शंका नाही. 1999 मध्ये फ्रान्समधल्या तार्बच्या चौदा वर्षांखालच्या स्पर्धेत त्याने नादालला हरवलं आणि स्पर्धाही जिंकली. 2002 मध्ये ज्युनियर फ्रेंच ओपन आणि ज्युनियर यूएस ओपन त्याच्याकडे होतं. 2005 मध्ये माँटे कार्लोच्या स्पर्धेत, अठराव्या वर्षी, मॅच पॉइंट (एका गुणाने सामना जाईल अशी वेळ) वाचवून त्याने फेडररला हरवलं, तेही फेडरर पहिल्या क्रमांकावर असताना. पुढच्याच फेरीत समोर नादाल आला आणि गास्के हरला. व्यावसायिक सर्किटवर ते दोघं अठरा वेळा खेळले आणि अठराही वेळा नादाल जिंकला.

एवढंच सांगून लोक थांबतात. हाच गास्के जगात सातवा होता. विम्बल्डनची उपांत्य फेरी दोनदा खेळला, यूएस ओपनची एकदा. सोळा एटीपी (पुरुषांच्या व्यावसायिक सर्किटची) विजेतेपदं, सहाशेच्या वर विजय, 2012 च्या ऑलिंपिकमध्ये दुहेरीचं ब्राँझ, 2017 मध्ये फ्रान्सबरोबर डेव्हिस कप ही देशादेशांतली सांघिक स्पर्धा. 2025 मध्ये अडतिसाव्या वर्षी रोलँ गारोसला शेवटचा सामना खेळला. एकहाती बॅकहँड त्याच्याइतका देखणा फार थोड्यांचा असेल. या माणसाला वाया गेलेला म्हणणाऱ्याने टेनिस बघितलंय की फक्त करंडक मोजलेत, असा मला प्रश्न पडतो.

आता घरातल्या वादाबद्दल. माझी मोठी बहीण टेनिस खेळायची. आम्ही साताऱ्याचे. 2005 मध्ये सानिया मिर्झाने हैदराबादची डब्ल्यूटीए (महिलांच्या व्यावसायिक सर्किटची) स्पर्धा जिंकली, त्याच वर्षी यूएस ओपनच्या चौथ्या फेरीत गेली, आणि एकदम सगळ्यांना मुलींचं टेनिस दिसायला लागलं. ताई त्याच्या आधीपासून खेळत होती, पण गाजावाजा तेव्हा सुरू झाला. बारा वर्षांखालच्या एका राज्य स्पर्धेत जिंकून आली, तर एसटी स्टँडवर लोक हार घेऊन उभे. स्थानिक पेपरात फोटो आणि वर ‘साताऱ्याची सानिया’. गणपतीत एका मंडळाने सत्कार ठेवला. तिथे आमच्या मामांनी माइक हातात घेतला आणि ही पोरगी विम्बल्डन खेळणार म्हणून जाहीर करून टाकलं. टाळ्या पडल्या. ताई शाल सावरत बाजूला उभी होती. विम्बल्डन खेळायचंय का, हे तिला घरात किंवा बाहेर कोणी विचारलेलं मला आठवत नाही. तिला बेसलाइनच्या मागे उभं राहून लांब रॅली करायला आवडायचं, समोरचीची दमछाक करायला आवडायचं. बस.

पुढे काय झालं ते टेनिस खेळलेल्या घरांना माहीत आहे. शनिवार-रविवार पुणे, सुट्टीत सोलापूर, नागपूर, मग हैदराबाद, चेन्नई. बाबांचा शिक्षकाचा पगार. रॅकेटचं गटिंग, बॉलचे डबे, बूट, लॉजचं भाडं, शिवाय हरलं की त्याच रात्रीची परतीची गाडी. चौदा वर्षांखालच्या गटात गेल्यावर समोर उंच, ताकदीच्या मुली यायला लागल्या, सोबत स्वतःचा कोच आणि ट्रेनर. ताईची उंची तिथेच राहिली. तरी ती टिकली. अठरा वर्षांखालच्या गटात एका टप्प्यावर देशात पहिल्या पन्नासात होती. दहा हजार डॉलरच्या आयटीएफ स्पर्धांची, म्हणजे व्यावसायिक टेनिसच्या सर्वांत खालच्या पायरीची, पात्रता फेरी खेळली, दोन-तीनदा मुख्य फेरीही गाठली. विद्यापीठाकडून खेळली. मग थांबली आणि शिकवायला लागली. आज पहाटेपासून तिच्या कोर्टवर पोरांची बॅच असते आणि तिच्या हाताखालची मुलं राज्य स्पर्धा खेळतात.

मामांच्या हिशोबात मात्र ही पोरगी वाया गेली. प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला तेच. “एवढा खर्च केला, काय झालं शेवटी? त्या पैशात इंजिनियर झाली असती.” आणि पुढचं वाक्य ठरलेलं, “त्या फ्रेंच गास्केटसारखंच झालं बघ हिचं.” मामांना टेनिस कळत नाही असं नाही. ते रात्र रात्र जागून सामने बघतात, म्हणून जास्त लागतं.

जानेवारी 2018 मध्ये बालेवाडीला टाटा ओपन महाराष्ट्र ही एटीपी स्पर्धा पहिल्यांदा झाली तेव्हा मामा, ताई आणि मी अंतिम सामना बघायला गेलो. एका बाजूला केविन अँडरसन, आदल्याच वर्षी यूएस ओपनची फायनल खेळलेला, दोन मीटरच्या वर उंची. दुसऱ्या बाजूला जिल सिमॉन, त्या आठवड्यात क्रमवारीत ऐंशीच्याही मागे. मामा म्हणाले, हा कसला फायनलिस्ट, याला कशाला बघायचं. ताई म्हणाली, “मामा, याने काल चिलिचला हरवलंय. तुम्ही फक्त याचे पाय बघा.” आणि मग सामनाभर ती बोलत राहिली. अँडरसनच्या सर्व्हिसवर सिमॉन कुठे उभा राहणार, त्याचाच वेग वापरून चेंडू कसा खोल परत करणार, त्या उंच माणसाला गुडघे वाकवायला लावणारा चेंडू कधी टाकणार, सगळं ती आधी सांगत होती आणि कोर्टवर तसंच होत होतं. पहिला सेट टायब्रेकमध्ये सिमॉनने काढला, दुसरा 6-2. मागच्या रांगेतले दोघं-तिघं पुढे झुकून ताईचं ऐकायला लागले होते. मामा गप्प होते. परतताना गाडीत बसल्यावर मात्र म्हणाले, “ते ठीक आहे गं, पण तू स्वतः तिथे खेळायला हवी होतीस.”

मला जे म्हणायचंय ते इथेच आहे. सिमॉन आणि गास्के एकाच पिढीतले फ्रेंच खेळाडू. सिमॉनच्या लहानपणी त्याच्याबद्दल असा गाजावाजा नव्हता. किडकिडीत पोरगा, डोक्याने खेळणारा. तो जगात सहावा झाला, गास्के सातवा. जवळपास एकाच पायरीवर पोचले. सिमॉनने स्वतःचं सोनं केलं असं म्हणतात आणि गास्केने माती केली म्हणतात. फरक त्यांच्या खेळात शोधून सापडणार नाही, तो 1996 च्या त्या मुखपृष्ठात आहे. चॅम्पियन होईन असा शब्द गास्केने कोणाला दिला नव्हता. दुसऱ्यांनी त्याच्या नावावर दिला आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं त्याच्याकडेच वसुलीला गेले. आमच्या ताईच्या नावावर मामांनी दिला, तोही माइकवर.

आता कोण खरा हे कसं ओळखायचं? माझं मत विचाराल तर चौदा-पंधरा वर्षांच्या वयात ते ओळखता येत नाही, आणि ओळखतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. 2011 ते 2014 या चार वर्षांचे विम्बल्डनचे ज्युनियर विजेते घ्या. ल्यूक सॅव्हिल, फिलिप पेलिवो, जानलुइजी क्विंझी, नोआ रुबिन. चौघांपैकी एकही एकेरीत पहिल्या शंभरात पोचला नाही. पेलिवो तर 2012 मध्ये चारही ज्युनियर ग्रँड स्लॅमच्या अंतिम फेरीत होता. लगेच पुढच्या दोन वर्षांचे विजेते ओपेल्का आणि शापोवालोव, ते पहिल्या विसात गेले. नादाल, जोकोविच, अल्काराझ, सिनर यांपैकी कोणाकडेही एकेरीचं ज्युनियर ग्रँड स्लॅम नाही. सिनर तर तेराव्या वर्षापर्यंत स्कीइंग करत होता. ज्युनियरमध्ये जे लवकर वाढतात ते जिंकतात. अठरा-एकोणिसाव्या वर्षी बाकीचे उंचीला आणि ताकदीला येऊन मिळतात, मग सर्व्हिस, शरीर, पैसा आणि हरल्यावर दुसऱ्या आठवड्यात पुन्हा उभं राहणं यावर सगळं ठरतं. दर आठवड्याला एक जण जिंकतो आणि बाकी सगळे हरून पुढच्या गावाला जातात, असा हा खेळ आहे. ते सोसण्याची ताकद ज्युनियर करंडकावरून दिसत नाही.

त्यात गास्के आणि दिमित्रोवच्या वाट्याला जो काळ आला तो बघा. फेडरर, नादाल, जोकोविच या तिघांनी मिळून 66 ग्रँड स्लॅम नेले. 1990 नंतर जन्मलेल्या पुरुषाला पहिलं ग्रँड स्लॅम मिळायला 2020 उजाडलं, यूएस ओपनला डॉमिनिक थीमच्या रूपाने. सगळ्या पिढीसमोर दार बंद होतं, आणि आपण एकेकट्याला बोलावून तू का हरलास म्हणून विचारतो.

पालकांना सांगतो, पोराच्या जिंकण्याचा फ्लेक्स लावू नका. नातेवाइकांना माइक देऊ नका. 2023 मध्ये पुण्याच्या मानस धामणेला पंधराव्या वर्षी बालेवाडीत वाइल्ड कार्ड (क्रमवारी न बघता दिलेला थेट प्रवेश) मिळालं, तेव्हाही लोकांनी लगेच मोठमोठी भाकितं करायला सुरुवात केली. त्याच्याकडून आज काही मागायचंच असेल तर एवढं मागा की क्रमवारीत वर सरकत राहो आणि ग्रँड स्लॅमची पात्रता फेरी गाठो. तेवढंही प्रचंड अवघड आहे. भारताचा सुमित नागल 2015 मध्ये विम्बल्डनचं मुलांचं दुहेरी विजेतेपद घेऊन आला आणि एकेरीत 68 व्या क्रमांकापर्यंत जायला त्याला 2024 उजाडलं. मधल्या नऊ वर्षांत त्यालाही किती जणांनी संपवून टाकलं होतं!

दोन गोष्टी मान्य करायला हव्यात. भाकीत कधीच खरं ठरत नाही असं नाही. अल्काराझने सोळाव्या वर्षी रिओच्या स्पर्धेत एटीपी सामना जिंकला, स्पेनमध्ये सगळे त्याच्याकडे बोट दाखवत होते आणि एकोणिसाव्या वर्षी तो पहिल्या क्रमांकावर होता. दुसरं म्हणजे टॉमिक. 2011 मध्ये पात्रता फेरीतून येऊन अठराव्या वर्षी विम्बल्डनच्या उपांत्यपूर्व फेरीत गेलेला मुलगा 2017 मध्ये त्याच विम्बल्डनला पहिल्या फेरीत हरून कंटाळा आला होता असं सांगतो आणि दंड भरतो, त्याची बाजू मी घेणार नाही. त्याच्यावर घरातून काय दडपण होतं ते वेगळं, पण मेहनत करून जगात सातवा येणाऱ्या गास्केच्या शेजारी त्याचं नाव लिहू नका. आणि भारताच्या युकी भांब्रीला या यादीत घालायचा विचार असेल तर थांबा. 2009 चा ऑस्ट्रेलियन ओपन ज्युनियर विजेता, गुडघ्याच्या दुखण्याने त्याची एकेरी संपवली, तरी 2025 मध्ये यूएस ओपनच्या दुहेरीत उपांत्य फेरी खेळला.

दिमित्रोवबद्दल थोडक्यात सांगतो. ज्युनियर विम्बल्डन आणि ज्युनियर यूएस ओपन 2008 मध्ये जिंकला, ‘बेबी फेडरर’ हे नाव त्याने मागून घेतलेलं नव्हतं. 2017 मध्ये एटीपी फायनल्स ही आघाडीच्या खेळाडूंची वर्षअखेरची स्पर्धा एकही सामना न हरता जिंकला, जगात तिसरा झाला. तीन वेगवेगळ्या ग्रँड स्लॅमच्या उपांत्य फेरी खेळला. 2025 च्या विम्बल्डनला चौतिसाव्या वर्षी सिनरविरुद्ध पहिले दोन सेट घेऊन बसला होता, तिसऱ्यात 2-2 असताना छातीचा स्नायू गेला आणि सामना सोडावा लागला. सिनरने पुढे ती स्पर्धा जिंकली. दिमित्रोवला वाया गेलेला म्हणायचं असेल तर आधी त्या दोन सेटचं रेकॉर्डिंग पूर्ण बघा, मग इथे खाली लिहा, मी उत्तर देईन.