महिन्याचा तिसरा शनिवार

प्रिय मैत्रिणी,

सप्रेम नमस्कार.

पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत काम करणाऱ्यांच्या आपल्या ठाण्यातल्या गटाची महिन्याची बैठक यापुढे तू सांभाळणार हे कळलं आणि मनापासून आनंद झाला. तुझ्या मेसेजमध्ये तीन प्रश्न होते. चांगले वक्ते कुठून आणायचे, माणसं कशी वाढवायची आणि जागेचं काय करायचं. मी मागून पुढे जाते. जागेचा प्रश्न सगळ्यात सोपा आहे आणि वक्त्यांबद्दल मला पुष्कळ बोलायचं आहे.

पण त्याआधी तू न विचारलेलं एक. महिन्याचा तिसरा शनिवार, दुपारी चार. हा दिवस आणि ही वेळ हलवू नकोस. वक्ता आयत्या वेळी आजारी पडेल, जुलैत पाणी तुंबेल, गणपती तोंडावर येतील, तरी चार वाजता दार उघडं असलं पाहिजे. सहाच जण आले तर सहा जणांनी एकेकाचा कोड बघत बसावं. दर महिन्याला येणारे ग्रुपवरचा मेसेज वाचतात, त्यांची काळजी नाही. तीन-चार महिन्यांतून एकदा उगवणारा माणूस मेसेज वाचत नाही. तिसरा शनिवार आहे एवढंच त्याला माहीत असतं. तो आला आणि दाराला कुलूप दिसलं, की पुन्हा येत नाही.

रविवार का नको, असं कोणीतरी नक्की विचारेल. रविवारी मेगाब्लॉक असतो. कधी मुख्य मार्गावर, कधी हार्बरला, कधी आपल्या ठाणे-वाशी मार्गावर. आपल्याकडे बदलापूर, कर्जतकडची कॉलेजची मुलं येतात आणि नेरूळ, बेलापूरकडचे नोकरी करणारेही येतात. दोघांना एका गाडीत जमेल असं ठिकाण ठाणेच, पण गाड्या धावत असतील तरच. आणि चारच का? आठवड्यात संध्याकाळी सातला महापे किंवा रबाळ्याला बैठक ठेवून नंतर ‘आपल्याकडे मुली का येत नाहीत’ असं विचारणारे आयोजक मी पाहिले आहेत. नऊ वाजता त्या रस्त्यावर रिक्षा शोधत उभं राहून बघावं, मग उत्तर कळेल. चारला सुरू करून साडेसहाला संपवलं, की कर्जतची मुलगीसुद्धा साडेआठ-नऊपर्यंत घरी पोचते. साडेसहा म्हणजे साडेसहा. विषय रंगला असेल तरी थांबव. ज्यांना बसायचं ते चहाला बसतील.

आता जागा. ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या कंपन्यांच्या ट्रेनिंग रूम शनिवारी रिकाम्या असतात. आपल्यातला कोणी तिथे कामाला असेल तर त्याच्या मॅनेजरच्या एका मेलवर काम होतं. मेलमध्ये तीन गोष्टी विचारून घे. शनिवारी त्या मजल्याचा एसी चालू असतो का, कारण पुष्कळ इमारतींत तो बंद ठेवतात आणि मे महिन्यात बंद काचेच्या खोलीत तीस माणसं अडीच तास बसू शकत नाहीत. गेटवर नावांची यादी कधीपर्यंत द्यायची. गुरुवारी दिली तर शनिवारी वाद होत नाही. आणि प्रोजेक्टरची केबल कुठली आहे. एचडीएमआयचं एक अ‍ॅडॅप्टर तुझ्या बॅगेत कायम राहू दे. कॉलेजची लॅबही मिळते, विभागप्रमुखांना पत्र द्यावं लागतं, मात्र परीक्षांच्या काळात ती धरू नकोस. दोन जागा हाताशी असल्या म्हणजे पुरे.

जागा देणारी कंपनी बदल्यात काही मागेल. बहुतेक वेळा एचआरला बोलायचं असतं. बोलू दे, शेवटी, दोन मिनिटं, उभं राहून, कुठल्या जागा भरायच्या आहेत एवढंच. बायोडेटाचा कागद फिरवू देऊ नकोस. नोकरी शोधायला आलेल्या मुलाने खोलीत कोण कामाचं आहे हे हेरत बसायचं आणि नोकरी असलेल्याने त्याच्यापासून लांब सरकायचं, असं एकदा सुरू झालं की कोणी कोणाला मोकळेपणाने आपली अडचण सांगत नाही.

माणसं कशी वाढवायची याचं माझं उत्तर तुला आवडणार नाही. वाढवायच्या मागे लागू नकोस. पायथॉनची पहिली कार्यशाळा १९९४ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत मेरीलँडला झाली, तिला वीसेक माणसं होती. ही भाषा तयार करणारा खीदो फान रोसुम त्या वीसांत बसला होता. त्याआधी १९७५ च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कला एका घराच्या गॅरेजमध्ये हौशी संगणकवाल्यांच्या होमब्रू कॉम्प्युटर क्लबची पहिली बैठक भरली. स्टीव्ह वॉझ्नियॅकने आपल्या ‘अ‍ॅपल वन’ या संगणकाची आकृती पुढे याच क्लबात लोकांना फुकट वाटली. पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे, की तिथे जो तो आपण केलेलं काहीतरी घेऊन यायचा आणि टेबलावर ठेवायचा. वीस माणसांत ते जमतं. दोनशेंत टेबलाजवळ कोणी पोचतच नाही.

म्हणून तू मोजायचंच असेल तर दुसऱ्यांदा कोण आलं ते मोज. पहिल्यांदा कोणीही येतं. मित्राने ओढून आणलेलं असतं, किंवा कॉलेजमध्ये सांगितलेलं असतं. अशी मुलं मागच्या रांगेत भिंतीला टेकून बसतात आणि संपल्याबरोबर निघतात. सुरू होण्याआधी त्यांच्याकडे जा, नाव विचार, सध्या काय करतोस विचार, आणि चहाच्या वेळी त्याच कामातल्या एखाद्या जुन्या माणसाशी गाठ घालून दे. कळव्याहून आलेल्या मुलीला पाइपलाइन रोडवर राहणारी, तिच्याच लोकलने जाणारी आपली एखादी टेस्टर भेटली, की पुढच्या महिन्यात दोघी बरोबर येतात. तू स्वतः सगळ्यांशी बोलायला जाऊ नकोस, दमशील. दोन माणसांना जोडून दे आणि बाजूला हो.

‘सर्टिफिकेट मिळेल का?’ हा प्रश्न दर महिन्याला येईल. नाही म्हण, गोड बोलून. नुसतं हजर राहिल्याचा कागद दिला तर खोली सह्या करून निघणाऱ्यांनी भरते. जो उभा राहून बोलला त्याला मात्र गटातर्फे एक पत्र जरूर दे, त्यात त्याने काय सांगितलं ते दोन ओळींत लिही. नोकरीच्या मुलाखतीत ते पत्र उपयोगी पडतं.

आता वक्ते.

ठाण्याला ऐकणाऱ्यांची कमी नाही. म्हाळगी व्याख्यानमालेला गर्दी करणारं हे गाव आहे. मोठा वक्ता यावा, त्याने दीड तास बोलावं, आपण शांत बसून ऐकावं, याची आपल्याला सवय आहे आणि ती चांगली सवय आहे. पण तीच अपेक्षा या खोलीत आणलीस तर तुझं सगळं वर्ष नामवंत माणसांना फोन करण्यात जाईल, आणि आपल्यातला कोणीच बोलायला उभा राहणार नाही. बाहेरचा पाहुणा वर्षातून एकदा बोलाव. बाकीचे महिने आपलेच.

आपल्या गटात मी ऐकलेलं सगळ्यात उपयोगी भाषण एका माल वाहतुकीच्या कंपनीत हिशेब बघणाऱ्या माणसाचं होतं. तो प्रोग्रामर नव्हता. भिवंडीच्या गोदामातून न्हावा-शेवाला जाणाऱ्या गाड्यांची बिलं तो एक्सेलमध्ये बघायचा, आणि काम वाढलं म्हणून पांडाज, म्हणजे असे तक्ते हाताळायची पायथॉनची लायब्ररी, शिकला होता. त्याच्या अहवालात काही गाड्या भिवंडीहून निघायच्या आधीच बंदरात पोचलेल्या दिसत होत्या. प्रोग्राम कुठेही थांबत नव्हता, चूक म्हणून एक अक्षर दाखवत नव्हता. चहाच्या वेळी त्याने ही गंमत म्हणून सांगितली, तर शेजारी उभी असलेली बँकेतली मुलगी लगेच म्हणाली, ‘तारखा बघा.’ तिच्या फायलीतही तेच झालं होतं. पांडाज ०३/०४ ही तारीख आपणहून महिना आधी धरून वाचतं, म्हणजे आपली ३ एप्रिल त्याच्या लेखी ४ मार्च. आणि २०२३ मध्ये २.० आवृत्ती येईपर्यंत ते प्रत्येक ओळीचा वेगळा अंदाज करायचं. १३/०४ मध्ये तेरावा महिना नसल्यामुळे ती ओळ बरोबर १३ एप्रिल वाचली जायची, तिच्या वरची चुकीची. एकाच रकान्यात अर्ध्या तारखा खऱ्या, अर्ध्या खोट्या. नवी आवृत्ती पहिल्या तारखेवरून एक रचना ठरवते आणि पुढे न जुळणारी तारीख आली की निदान थांबून तक्रार करते. दिवस आधी आहे हे आपण सांगितलं की प्रश्नच मिटतो.

पुढच्या महिन्यात त्याने हेच वीस मिनिटं सांगितलं. बोलताना हात थरथरत होते. त्यानंतर खोलीतल्या किती जणांनी सोमवारी ऑफिसात जाऊन आपापल्या फायली उघडल्या असतील!

‘एआयला विचारलं की उत्तर मिळतं, मग भेटायचं कशाला’ असं तुला ऐकवणारे भेटतील. त्यांना हा किस्सा सांग. त्या माणसाकडे विचारायला प्रश्नच नव्हता. त्याला वाटत होतं ड्रायव्हर वेळ चुकीची लिहितात.

तर वक्ते असे चहाजवळ सापडतात. ‘तू भाषण देशील का’ असं विचारलंस तर शंभरातले नव्वद नाही म्हणतील. ‘या महिन्यात कामात काय अडलं होतं?’ असं विचार, आणि सांगायला लागला की म्हण, हेच पुढच्या वेळी पाच मिनिटांत सगळ्यांना सांग. पाच मिनिटांची तीन भाषणं आणि एक मोठं, अर्ध्या-पाऊण तासाचं, एवढं एका शनिवारला भरपूर होतं. पहिल्यांदा बोलणाऱ्याबरोबर आधी एक संध्याकाळ बस. त्याचा कोड मागच्या रांगेतून वाचता येतो का बघ. इंटरनेट बंद पडलं तर काय दाखवणार ते विचार. आणि पहिली पाच मिनिटं स्वतःची ओळख, कंपनीची ओळख यात घालवणार असेल तर ती काढायला लाव. बोलताना अडखळला तर खोली सांभाळून घेते, त्याची चिंता करू नकोस.

भाषेबद्दल तुझ्या मनात संकोच आहे असं मला वाटलं. मराठीत बोल आणि मराठीत बोलू दे. स्लाइड इंग्रजीत असल्या तरी चालतात, फंक्शन, लूप, डेटाबेस हे शब्द आपले झालेच आहेत. मराठी न कळणारं कोणी आलं असेल तर हिंदीत सांगावं, त्यात कमीपणा नाही. पण अंबरनाथच्या डिप्लोमाच्या मुलाला इंग्रजीत प्रश्न जुळवत बसावं लागलं तर तो प्रश्न विचारतच नाही, आणि त्याचाच प्रश्न बहुतेक वेळा सगळ्यांच्या मनातला असतो.

विषय सुचत नसतील त्या महिन्यांसाठी एक हमखास सोय सांगते. २०२० पासून पायथॉनची नवी आवृत्ती दर वर्षी ऑक्टोबरमध्ये येते. त्यामुळे नोव्हेंबरची बैठक आपोआप ठरलेली. नव्या आवृत्तीत काय बदललं याचं अधिकृत टिपण चौघांत वाटून दे आणि प्रत्येकाने एकेक गोष्ट चालवून दाखवायची. एका वेळी एकाच थ्रेडला, म्हणजे प्रोग्राममधल्या एकाच समांतर कामाला, चालू देणारं पायथॉनमधलं कुलूप म्हणजे जीआयएल. २०२४ च्या ३.१३ मध्ये ते काढून टाकलेलं पायथॉन प्रयोग म्हणून आलं, २०२५ च्या ३.१४ मध्ये त्याला अधिकृत पाठिंबा मिळाला. त्याबद्दल नुसतं वाचणं वेगळं आणि आपल्यातल्याच कोणीतरी आपल्या लॅपटॉपवर चार थ्रेड लावून वेळ मोजून दाखवणं वेगळं.

राहिला तुझा पहिला शनिवार. त्या दिवशी पाच मिनिटं तूच बोलावंस असं मला वाटतं, आणि विषय तुझ्याकडे आहे. ऑफिसात मराठी नावांची यादी वर्णक्रमाने लागत नाही असं तू मागे म्हणाली होतीस. तेच आपल्या स्टेशनांवर दाखव. कर्जत, कल्याण, कसारा, कळवा ही चार नावं पायथॉनच्या सॉर्टेड या क्रम लावणाऱ्या फंक्शनला दे. ते कर्जत, कल्याण, कळवा, कसारा असा क्रम लावेल, कारण ते युनिकोडमधल्या, म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीतल्या, क्रमांकांवर चालतं आणि तिथे ळ हा ल च्या लगेच पुढे बसवला आहे. आपल्या वर्णमालेत ळ येतो ह च्या नंतर, म्हणजे कळवा सगळ्यात शेवटी हवं. मग की फंक्शन, म्हणजे कशावरून क्रम लावायचा हे सॉर्टेडला सांगणारं फंक्शन, लिहून आपला क्रम कसा द्यायचा ते दाखव. क्ष आणि ज्ञ कुठे ठेवायचे यावर खोलीत एकमत होणार नाही. होऊ दे वाद, पाच मिनिटांची पंधरा झाली तरी चालतील. वेळ उरलाच तर ‘ठाणे’ या शब्दाची लांबी मोजून दाखव. डोळ्यांना दोन अक्षरं दिसतात आणि पायथॉन चार सांगतं, कारण काना आणि मात्रा ते वेगळे मोजतं. शब्द उलटा केलास तर काना ठ ला सोडून ण ला जाऊन चिकटतो आणि मात्रा एकटीच पुढे लोंबकळते. नवीन आलेल्यांना हे बघताना फार मजा येते, आणि युनिकोड म्हणजे काय हे त्यांना पुन्हा समजावून सांगावं लागत नाही.

बुधवारपर्यंत तुझी कोडची नोटबुक फाइल मला पाठव. गुरुवारी ऑफिस सुटल्यावर नौपाड्यात घरी ये, एकदा बोलून दाखव, वेळ लावून बघू. गेटवर द्यायची नावांची यादी त्याच दिवशी जायची आहे, ती येतानाच तयार करून आण.

तुझी,
ताई