कार्यक्रम रंगला, पण निधी किती उरला?

पावसाळ्यात दरड, पाणी, शॉर्टसर्किट यांच्या बातम्या येऊ लागल्या की मागोमाग मदतनिधीच्या कार्यक्रमांचे फलकही लागतात. या वेळी त्याविषयीची पाच पत्रं घेतली आहेत.

प्रश्न : आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर आग लागून १४ बिऱ्हाडांचं सामान जळालं. त्यांच्यासाठी मंडळाने गाण्यांचा वाद्यवृंद ठरवलाय. नाट्यगृह ४५० खुर्च्यांचं, तिकीट ३०० रुपये. म्हणजे १ लाख ३५ हजार जमतील. हिशेब बरोबर आहे ना?
— चाळ समितीचे चिटणीस, लालबाग

उत्तर : गुणाकार बरोबर आहे, हिशेब नाही. पहिल्या दोन रांगांतल्या ४० खुर्च्या निमंत्रितांच्या, त्या आधीच वगळा. उरल्या ४१०. घरोघरी फिरून विकलेल्या कार्यक्रमाची ७० टक्के तिकिटं गेली तरी पुष्कळ झालं. म्हणजे २८७ तिकिटं आणि ८६,१०० रुपये.

आता खर्च मांडा. तुमच्या भागातले दर तुम्ही विचारून घ्यालच, हे नमुन्यादाखल. नाट्यगृहाचं भाडं २०,०००, ध्वनी आणि प्रकाश २५,०००, सहा वादकांचं मानधन १८,०००, चहा-जेवण ६,०००, टेम्पो-टॅक्सी ४,०००, छपाई ५,०००, रॉयल्टी आणि परवाने ६,०००. बेरीज ८४,०००. हातात राहिले २,१०० रुपये, म्हणजे बिऱ्हाडामागे १५०. टाळ्या पडतील, फोटो निघतील आणि जळालेल्या घरात एक कुकरही येणार नाही.

म्हणून खर्चाचा पैसा तिकिटाबाहेरून उभा करायचा. मराठी मंडळांचा त्यावरचा जुना उपाय म्हणजे स्मरणिका. मलपृष्ठ १५,०००, आतली दोन मुखपृष्ठं प्रत्येकी १०,०००, पूर्ण पानाच्या दहा जाहिराती ३,००० प्रमाणे आणि अर्ध्या पानाच्या चौदा १,५०० प्रमाणे धरल्या तर ८६,००० होतात. छपाईचे २०,००० गेले की ६६,००० उरतात. ध्वनी-प्रकाशवाल्याने निम्मे पैसे सोडले तर १२,५०० वाचले, एखाद्या केटररने जेवण दिलं तर ६,०००. झाले ८४,५००, खर्च भागला. आता तिकिटाचे ८६,१०० जसेच्या तसे मदतीला गेले आणि प्रत्येक बिऱ्हाडाला ६,१५० आले. मध्यंतरातली दानपेटी त्याच्या वर.

पण जाहिरातीचा पैसा कार्यक्रमाआधी हातात हवा. ‘नंतर देतो’ म्हणणारा दुकानदार नंतर फक्त भेटतो. तिकिटं छापायला टाकायच्या दिवशी खर्चाच्या तीन चतुर्थांश रकमेचे चेक जमा नसतील तर नाट्यगृह सोडा आणि चाळीच्या पटांगणात विनातिकीट भजन-भावगीतांची बैठक करून दानपेटी फिरवा. खर्च दहा हजारांच्या आत राहतो आणि निधी बहुधा जास्तच जमतो.

मानधन वाचवायला वादकांना फुकट वाजवायला सांगू नका. नावाजलेला गायक मानधन सोडू शकतो. तबलजी आणि ढोलकीवाला त्या रात्रीच्या पाकिटावरच घर चालवतात.

विक्रीसाठी दहा-दहा तिकिटांची ४१ पुस्तकं करा, प्रत्येकाची स्थळप्रत ठेवा आणि पुस्तक देताना वहीत सही घ्या. न विकलेली तिकिटं तीन दिवस आधी परत, न आलेलं तिकीट विकलं असं धरून त्याचे पैसे कार्यकर्त्याने भरायचे. हा नियम पहिल्याच सभेत सांगा. एरवी होतं असं की प्लॅनवर जागा ‘गेलेली’ दिसते, दारावर आलेल्या माणसाला परत पाठवतात आणि आत साठ खुर्च्या रिकाम्या. तारीख पगारानंतरची घ्या, ५ ते १२ मधला शनिवार किंवा रविवार. महिनाअखेरीस ३०० रुपयांची चार तिकिटं कुणी घेत नाही. तिकीट ५०० रुपयांच्या आत असल्याने जीएसटीची कटकट नाही.

प्रश्न : पैसे कुणाच्या खात्यात घ्यायचे? आमचे खजिनदार म्हणतात, माझाच क्यूआर कोड लावू. आणि वाटताना भाडेकरू, पोटभाडेकरू, पागडीवाले यांत वाद होणार हे दिसतंय.
— मंडळ कार्यकर्ती, परळ

उत्तर : खजिनदार कितीही सज्जन असोत, त्यांचा क्यूआर कोड लावू नका. निधी त्यांच्या घरखर्चात मिसळतो आणि पुढे आयकर खात्याने विचारलं तर उत्तर एकट्याला द्यावं लागतं. मंडळाचं खातं, दोघांच्या सह्या, त्याच खात्याचा कोड.

मंडळ सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेलं नसेल तर वर्गणी सुरू करण्याआधी धर्मादाय आयुक्तांची परवानगी घ्या. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० चं कलम ४१क, म्हणजे गणेशोत्सवासाठी मंडळं घेतात तेच. मात्र गणपतीच्या परवानगीवर आगीचा निधी गोळा करू नका. उद्देश वेगळा, अर्ज वेगळा. मुंबईचं कार्यालय वरळीला आहे. वेळ नसेल तर शेजारच्या नोंदणीकृत संस्थेला सोबत घ्या, पण तिच्या घटनेत आपद्ग्रस्तांना मदत हा उद्देश आहे ना, ते वाचून घ्या.

देणगीवरची आयकर सवलत, म्हणजे लोक जिला ‘८०जी’ म्हणतात ती, फक्त तशी मान्यता असलेल्या संस्थेच्या पावतीवर, आणि रोख २,००० रुपयांपर्यंतच. तिकीट ही देणगी नव्हे. घेणाऱ्याला त्याच्या बदल्यात कार्यक्रम मिळतो. देणगीची पावती वेगळी फाडा.

वाटपाचा निकष तिकीटविक्रीच्या आधी कागदावर आणा आणि चाळीच्या फळ्यावर लावा. आमचं मत स्पष्ट आहे. भाडेपावतीवर नाव कुणाचं ते बघू नका, त्या रात्री त्या खोलीत चूल कुणाची होती ते बघा. मालकाच्या भिंतीची भरपाई हा वेगळा विषय, तो या निधीत आणू नका. पोटभाड्याने राहणारी चार मुलं असतील तर ते एक बिऱ्हाड धरायचं की अर्धं, हे आत्ता ठरवा, नंतर ठरवलं की भांडण. पागडीच्या खोल्यांत मालक-भाडेकरू वाद असतोच, म्हणून पोचपावतीवर ‘आगीनंतरची तातडीची मदत’ एवढंच लिहा. त्या कागदाला ताब्याचा पुरावा होऊ देऊ नका.

प्रत्येक कुटुंबाकडून पंचनाम्याची आणि अग्निशमन दलाच्या दाखल्याची प्रत घ्या. ज्यांनी तो दाखला अजून मागितलाच नाही त्यांच्यासाठी एक कार्यकर्ता अर्ज घेऊन पाठवा. जळालेलं रेशनकार्ड, विमा, मुलांचे दाखले, सगळीकडे तो लागतो.

पैसे खात्यात पाठवा. त्या कुटुंबांना रंगमंचावर बोलावून पाहुण्यांच्या हस्ते पाकिटं देणं टाळा. त्यांचं घर जळालंय, त्यांचा सत्कार नाही.

प्रश्न : आम्ही वस्तीतल्या मोकळ्या जागेतच स्टेज घालणार आहोत. परवानग्या कोणत्या?
— युवक मंडळ, भांडुप

उत्तर : जागामालकाचं किंवा सोसायटीचं ना-हरकत पत्र, स्थानिक पोलीस ठाण्याची कार्यक्रमाची आणि ध्वनिक्षेपकाची परवानगी. मंडप रस्त्यावर येत असेल तर महापालिकेचं विभाग कार्यालय आणि वाहतूक पोलीस. किमान पंधरा दिवस आधी जा. रुग्णालय, शाळा किंवा न्यायालयापासून १०० मीटरच्या आत असाल तर तो भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेला असू शकतो. तसं असेल तर जागा बदला.

उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल. कार्यक्रमपत्रिकेत शेवट साडेनऊला लिहा, कारण पाहुण्यांची भाषणं ठरल्यापेक्षा अर्धा तास जास्त चालतात आणि दहा वाजता पोलीस येतात तेव्हा नेमकं भैरवीचं गाणं सुरू असतं. भाषणं मध्यंतरात, दोनच, प्रत्येकी पाच मिनिटं.

प्रश्न : मागच्या वेळी सतत ‘हूं’ असा आवाज आणि मधूनच सीटी. दोनदा वीजही गेली. काय चुकलं असेल?
— वाचक, विलेपार्ले

उत्तर : वीज आधी. भिंतीतल्या १६ अँपिअरच्या सॉकेटमधून २३० व्होल्टला जेमतेम ३,६८० वॅट मिळतात. एक-एक हजार वॅटचे चार जुने हॅलोजन पार दिवे, म्हणजे रंगमंचावर झोत टाकणारे डबे, लावले की तिथेच मर्यादा ओलांडते, स्पीकर तर बाजूलाच. एलईडी पार मागा, किंवा जनरेटर. तात्पुरतं कनेक्शन घ्यायचं तर आपल्या भागात वीज कुणाची, बेस्ट, अदानी, टाटा की महावितरण, ते बिलावर पाहून अर्ज करा. पावसात मुख्य स्विचजवळ ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, हवाच, आणि एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर नको, बांबूला बांधा.

‘हूं’ बहुतेक वेळा अर्थिंगचा असतो. दिवे आणि ध्वनी वेगवेगळ्या ठिकाणच्या अर्थिंगवर असले की ५० हर्ट्‌झची घरघर स्पीकरमधून येते. त्यासाठी ध्वनीची लाइन एकाच बोर्डावरून घ्या. आधी लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. आवाज गेला तर चोर सापडला. नाही गेला तर कीबोर्ड. त्याची लांब साधी वायर थेट मिक्सरला जोडलेली असते, मध्ये डीआय बॉक्स, म्हणजे अशी घरघर अडवणारी छोटी पेटी, टाका. अर्थिंगची पिन तोडून घरघर घालवणारे कारागीर असतात. तसं करू देऊ नका, ओल्या स्टेजवर गायकाला शॉक बसतो.

सीटी वाजते कारण माइक स्वतःचाच आवाज स्पीकरमधून ऐकतो. मुख्य स्पीकर गायकांच्या पुढे आणि प्रेक्षकांच्या डोक्याच्या वर हवेत, मॉनिटर (गायकाला स्वतःचं गाणं ऐकवणारा स्पीकर) माइकच्या पाठीकडे, आणि वापरात नसलेला प्रत्येक माइक बंद.

माइकची यादी आठवडाभर आधी ध्वनीवाल्याला द्या : गायक तीन, निवेदक एक, हार्मोनियम एक, तबला-डग्गा दोन, ढोलकी दोन, कीबोर्ड दोन, ऑक्टोपॅड दोन, गिटार एक. चौदा झाले. म्हणजे मिक्सर १६ चॅनेलचा. ऐन वेळी १२ चॅनेलचा आला की पहिला माइक डग्ग्याचा जातो आणि लावणी पोकळ वाजते.

प्रश्न : मदतीचाच कार्यक्रम आहे, मग गाण्यांची रॉयल्टी कशाला? आणि परदेशातले नातेवाईक पैसे पाठवू शकतात का?
— वाचक, गोरेगाव

उत्तर : हौशी मंडळाने विनातिकीट प्रेक्षकांसमोर केलेल्या कार्यक्रमाला कॉपीराइट कायद्यात सूट आहे. तिकीट लावलं की, पैसा पूरग्रस्तांना जाणार असला तरी, ती सूट मिळत नाही. गाण्यांच्या यादीसह इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीकडे अर्ज करा. कराओके ट्रॅक वाजवणार असाल तर ध्वनिमुद्रणाचे हक्क वेगळे, तेही विचारा. संतांच्या अभंगांचे शब्द मोकळे आहेत, पण चाल हयात संगीतकाराची असेल तर ती मोकळी नाही.

दुबईतल्या भाच्याकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि तो स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवत असेल तर ती परकीय देणगी धरत नाहीत. पासपोर्टची प्रत मात्र फायलीत ठेवा. अमेरिकेच्या नागरिक झालेल्या मावशीचे पैसे, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, परकीय देणगीच ठरतात. एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांच्या नियमनाचा कायदा, त्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर ते संस्थेच्या खात्यात घेऊ नका.