५५० डॉलरचं ग्राफिक्स कार्ड अमेरिकेतून मागवलं तर कस्टम किती लागेल?

तुमचा हिशोब मला असा दिसतोय: इथल्या दुकानात साठ हजारांना मिळणारं कार्ड तिकडे ५५० डॉलरला आहे, डॉलर ९० रुपये धरला तर ४९,५०० होतात, म्हणजे साडेदहा हजार वाचले. त्यावर कस्टम किती लागेल, आणि न्यू जर्सीतल्या मावसभावाने खोक्यावर 'गिफ्ट' लिहून पाठवलं तर ते सुटेल का, हे तुमचे दोन प्रश्न. पहिल्याचं उत्तर साधारण ३० टक्के. दुसऱ्याचं उत्तर, नाही. आता जरा विस्ताराने सांगते, कारण या प्रकरणात मी स्वतः पोळलेय, आणि तेव्हा ते ३० नव्हते, ४२ होते.

मी सांगलीत लग्नाचे व्हिडिओ एडिट करते. २०१९ च्या मे महिन्यात, ऐन लग्नसराईत, माझ्या मुख्य मशीनचा मदरबोर्ड गेला. एलजीए २०११ सॉकेटचा जुना बोर्ड. प्रोसेसर ठणठणीत, ६४ जीबी रॅम ठणठणीत, मेला तो फक्त बोर्ड. पुण्यात तपकीर गल्ली पालथी घातली, मुंबईला लॅमिंग्टन रोडवर फोन केले. एका दुकानदाराने हसून विचारलं, "ताई, हा कुठल्या जमान्यातला माल?" सगळंच नवं घ्यायचं तर खर्च लाखाच्या घरात. शेवटी अमेरिकेतल्या एका विक्रेत्याकडे खोकं न उघडलेला बोर्ड सापडला. २६० डॉलर बोर्डाचे, ४० डॉलर कुरिअरचे. डॉलर तेव्हा सत्तरच्या आसपास होता, म्हणजे एकवीस हजार. कॉम्प्युटरच्या भागांवर कस्टम ड्युटी शून्य असते, लागतो तो फक्त १८ टक्के जीएसटी, असं मी नेटवर वाचून ठेवलं होतं. म्हणजे पावणेचार हजार. चालेल म्हटलं, गिऱ्हाइकं खोळंबलीत.

पार्सल मुंबईत पोचलं तसा कुरिअरवाल्यांचा ईमेल आला: केवायसीसाठी आधार किंवा पॅन पाठवा. आधार पाठवून मोकळी झाले. दोन दिवसांनी पोरगा दारात. खोकं एका हातात, दुसऱ्या हातात कागद. "ताई, ड्युटीचे नऊ हजार चारशे सत्तावीस आहेत. कॅश लागेल." बाबा ओसरीवर पेपर वाचत होते. त्यांनी चष्मा सारखा केला आणि म्हणाले, "आपल्या जकात नाक्यावरसुद्धा एवढं घेत नव्हते गं."

तो कागद मी अजून जपून ठेवलाय. आकडे थोडे गोल करून सांगते, म्हणजे तुम्हाला रचना कळेल. पहिली ओळ मालाच्या किमतीची: २१,०००. इथेच पहिला फटका. मी समजत होते की कर बोर्डाच्या २६० डॉलरवर लागेल, पण कस्टम किंमत धरतं ती माल, वाहतूक आणि विमा मिळून. कुरिअरच्या ४० डॉलरवरसुद्धा ड्युटी. (विक्रेत्याने वाहतुकीचा आकडा दाखवलाच नाही तर विमानाने आलेल्या मालाला तो मालाच्या किमतीच्या २० टक्के धरतात, आणि विमा कळत नसेल तर १.१२५ टक्के. म्हणून 'फ्री शिपिंग' पाहून फार हुरळू नका.) पुढची ओळ मूळ कस्टम ड्युटी, १० टक्के: २,१००. मग समाजकल्याण अधिभार, तो ड्युटीच्या १० टक्के: २१०. मग आयजीएसटी, म्हणजे आयात मालावरचा जीएसटी, २८ टक्के, आणि तो एकवीस हजारांवर नव्हे, तर वरचं सगळं मिळवून झालेल्या २३,३१० वर: ६,५२७. एकूण ८,८३७, म्हणजे बरोबर ४२.०८ टक्के. उरलेले ५९० कुरिअर कंपनीचे. त्यांनी आमच्या वतीने सरकारला ड्युटी आगाऊ भरली म्हणून ५०० शुल्क, आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी. महिनाअखेर क्रेडिट कार्डाचं बिल आलं, त्यात परकीय चलनाचे साडेतीन टक्के आणि त्यावर पुन्हा जीएसटी होताच. एकवीस हजारांचा बोर्ड घरात यायला सव्वाएकतीस हजार गेले.

मी पैसे दिले, बोर्ड बसवला, मशीन चालू झालं, आणि मग भांडायला फोन केला. मुद्दा माझा बरोबर होता असं मला वाटत होतं. कॉम्प्युटरचे सुटे भाग टॅरिफच्या, म्हणजे कस्टमच्या दरपत्रकाच्या, ८४७३ शीर्षकात येतात आणि तिथे मूळ ड्युटी खरंच शून्य आहे. डिसेंबर १९९६ मध्ये सिंगापूरला जागतिक व्यापार संघटनेच्या बैठकीत माहिती तंत्रज्ञानाच्या मालाचा करार झाला, पुढच्या वर्षी भारत त्यात गेला, त्याचं हे फळ. हे सगळं मी त्या माणसाला ऐकवलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"मॅडम, तुमचं आयईसी आहे का?"

"ते काय असतं?"

"मग ९८०४."

एवढंच उत्तर. पण खरी मेख तिथेच आहे. आयईसी म्हणजे आयात-निर्यातीचा कोड. तो धंद्यासाठी माल आणणाऱ्याला लागतो, स्वतःच्या वापरासाठी एखादी वस्तू मागवणाऱ्याला लागत नाही. सवलत वाटते ना? पण टॅरिफचं ९८ वं प्रकरण सांगतं की या प्रकरणाच्या अटींत बसणारा माल दुसरीकडे नेमक्या शीर्षकात येत असला तरी इथेच मोजायचा. आणि ९८०४ म्हणजे पोस्टाने किंवा विमानाने वैयक्तिक वापरासाठी आलेली कुठलीही करपात्र वस्तू. मग तो मदरबोर्ड असो, बूट असो की गिटार. आधार पाठवून मी स्वतःच सांगून टाकलं होतं की ही वस्तू माझ्या घरच्या वापराची आहे. १९९६ चा करार, शून्य ड्युटी वगैरे सगळं ८४७३ च्या दारात राहिलं.

आता तुमच्या कार्डाकडे येऊ. मधल्या वर्षांत हे दर वर-खाली झाले. २२ सप्टेंबर २०२५ पासून ९८०४ वरचा आयजीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, आणि २०२६ च्या अर्थसंकल्पात वैयक्तिक वापराच्या मालावरची मूळ ड्युटी २० वरून १० टक्क्यांवर आणली. म्हणजे शंभर रुपयांच्या मालाला दहा रुपये ड्युटी, मग ११० वर १८ टक्के. साधारण ३० टक्के म्हणाले ते असं. तुमचं कार्ड ४९,५००, कुरिअरचे ४० डॉलर म्हणजे ३,६००, मिळून ५३,१००. त्यावर सुमारे १५,८०० ड्युटी. झाले जवळपास ६९,०००. कुरिअरचं शुल्क आणि बँकेचं कमिशन त्यावर. दुकानातलं साठ हजारांचं कार्ड एकदम स्वस्त वाटायला लागलं की नाही?

आणि हेही बघा. अमेरिकेतल्या किमतीत कर धरलेला नसतो, आपल्याकडच्या किमतीत असतो. ४९,५०० वर नुसता १८ टक्के जीएसटी लावा, ५८,४१० होतात. दुकानदार साठ सांगतोय. इथला वितरक आयईसीवर, ८४७३ खाली, शून्य मूळ ड्युटीने कंटेनरभर माल आणतो, आणि भरलेला आयजीएसटी त्याला पुढे वजा करून मिळतो. तुम्ही एक कार्ड आणून त्याच्याशी स्पर्धा करायला निघालात, तर कायद्यानेच तुम्ही मागे. 'इथले दुकानदार लुटतात' हे मीही वर्षानुवर्षं म्हणायचे. टंचाईत लुटतातही, २०२१ ला क्रिप्टोवाल्यांनी कार्डं उचलली तेव्हा आपण सगळ्यांनी पाहिलं. पण तुमच्या आकड्यांत मला लूट दिसत नाही. माझा बोर्ड आणणं परवडलं ते तो इथे मिळतच नव्हता म्हणून.

तुमचा स्वतःचा नोंदणीकृत धंदा असेल तर गोष्ट वेगळी. आयईसी डीजीएफटीच्या (केंद्राच्या परकीय व्यापार महासंचालनालयाच्या) साइटवर पॅनवरून निघतं, फी ५०० रुपये. मी नंतर काढून घेतलं, आता स्टुडिओच्या जीएसटी नंबरावर मागवते आणि कुरिअरला केवायसी मागायच्या आतच दोन्ही नंबर पाठवते. एकदा आधारवर बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टमकडे द्यायचा आयातीचा कागद, भरली गेली की मागाहून रडून उपयोग नाही. मित्राच्या दुकानाचं आयईसी वापरून स्वतःच्या गेमिंगचं कार्ड आणायची कल्पना मात्र डोक्यातून काढा. कागदावर तो माल त्याच्या धंद्याचा होतो.

गिफ्टचं. पूर्वी पाच हजारांपर्यंतची भेट ड्युटीशिवाय यायची. परदेशी साइटवाल्यांनी त्याचा एवढा गैरफायदा घेतला, एकेका ऑर्डरचे तुकडे करून गिफ्ट म्हणून पाठवली, की १२ डिसेंबर २०१९ ला डीजीएफटीने ती वाटच बंद केली. आता भेट म्हणून विनाशुल्क सुटतात त्या जीवरक्षक औषधं आणि राख्या. राखीसोबतचं ग्राफिक्स कार्ड नाही! पूर्ण ड्युटी भरून भेट आणता येते, पण मग ती भेट कसली. आणि ५५० डॉलरच्या खोक्यावर ५० लिहायचं म्हणाल, तर कार्डाचं मॉडेल खोक्यावर छापलेलं असतं आणि अधिकाऱ्यालाही गुगल येतं. चुकीची किंमत दाखवली तर माल जप्त होऊ शकतो, वर दंड. शिवाय वाद चालू असताना पार्सल गोदामात पडून राहतं, त्याचं भाडं दिवसागणिक चढतं ते निराळंच.

तुमच्या मावसभावाचा खरा उपयोग दुसराच आहे. तो कधी येतोय भारतात? माझी बहीण २०२२ ला आली तेव्हा माझ्यासाठी एसएसडी आणि रॅम घेऊन आली. विमानतळावर येणाऱ्याला सामानात ठरावीक किमतीपर्यंत सूट असते. तेव्हा ती ५०,००० होती, वरच्या रकमेवर ३८.५ टक्के. फेब्रुवारी २०२६ च्या नव्या बॅगेज नियमांत ती ७५,००० झाली. तुमचं कार्ड त्यात आरामात बसतं. न्यू जर्सीत ६.६२५ टक्के विक्रीकर लागेल, म्हणजे ते त्याला ५२,८०० च्या आसपास पडेल, तुमचे सात हजार वाचतील. पण ही सूट माणशी असते. नवरा-बायको आले म्हणून दोघांची मिळवून दीड लाखाची एक वस्तू, असं चालत नाही. आणि त्याने आईसाठी घड्याळ, काकांसाठी फोन असं आधीच घेतलं असेल तर तुमच्या कार्डाला जागा उरेल का, हे लाजू नका, विचारून घ्या.

वॉरंटीचंही विचारा. बऱ्याच कार्डांची वॉरंटी जिथे विकत घेतलं त्याच प्रदेशापुरती असते. दीड वर्षाने पंखा घरघरायला लागला तर कार्ड स्वखर्चाने अमेरिकेला धाडायचं, आणि दुरुस्त होऊन परत आलं की कुरिअरवाला पुन्हा कागद घेऊन दारात. रॅम, एसएसडी, प्रोसेसर यांच्यात ही कटकट कमी, ते सहसा बिघडत नाहीत आणि खिशात मावतात. मी असते तर भावाकडून हेच मागवलं असतं आणि कार्ड इथून घेतलं असतं.

जाता जाता दोन गोष्टी. वापरलेलं कार्ड तिकडे निम्म्या किमतीत दिसेल, त्याच्या नादी लागू नका. जुने कॉम्प्युटर आणि त्यांचे नव्यासारखे करून विकलेले भाग यांच्या आयातीवर निर्बंध आहेत, परवाना लागतो. आणि वायफाय-ब्लूटूथ असलेलं काही मागवाल तर दूरसंचार खात्याच्या मंजुरीचा प्रश्न निघू शकतो. माझ्या ओळखीच्या एकाचं सातशे रुपयांचं वायफाय कार्ड त्यापायी तीन आठवडे अडकलं होतं, शेवटी त्याने नाद सोडला.

मावसभाऊ आणणार असेल तर त्याला सांगा, बिल हाताशी ठेव, मोबाइलमध्ये नको, छापील. कार्ड केबिन बॅगेत, चेक-इनमध्ये टाकू नकोस. आणि खोकं जड होतं म्हणून तिकडेच फेकून येऊ नकोस. माझ्या बहिणीने तेच केलं होतं, आणि एसएसडीचा सिरियल नंबर शोधायला मला पूर्ण मशीन उघडावं लागलं.