वाचकांचे प्रश्न : एकतीस लेंग्थ, पाऊण लेंग्थ आणि सेकंदाचा शंभरावा भाग

मागच्या अंकात विचारलं होतं की खेळातला कुठला क्षण तुमच्या डोक्यातून जाता जात नाही. पत्रं भरपूर आली, आणि त्यात क्रिकेट असणार हे धरून चाललो होतो पण घोड्यांबद्दलही बरंच विचारलंय, म्हणून यावेळी सुरुवात घोड्यांपासूनच करतो.

प्रश्न : घोड्यांच्या शर्यतीतला आजवरचा सगळ्यात भारी क्षण कुठला? एकच सांगा.

एकच सांगायचा तर ९ जून १९७३, न्यूयॉर्कची बेलमाँट स्टेक्स, घोडा सेक्रेटॅरिएट. अमेरिकेत तीन वर्षांच्या घोड्यांसाठी केंटकी डर्बी, प्रीकनेस आणि बेलमाँट अशा तीन मोठ्या शर्यती असतात, पाच आठवड्यांत तिन्ही जिंकल्या की ट्रिपल क्राउन. १९४८ मध्ये सायटेशनने तो मिळवला आणि त्यानंतर पंचवीस वर्षं कुणालाच जमलं नव्हतं. सेक्रेटॅरिएटने पहिल्या दोन जिंकल्या होत्या, राहिली होती बेलमाँट, दीड मैलाची म्हणजे तिघींत सगळ्यात लांब.

घोडे फक्त पाच होते. गेट उघडल्या उघडल्या सेक्रेटॅरिएट आणि शॅम हे दोघं असे सुटले की बाकीचे तिघं बघता बघता मागे पडले. पहिला पाऊण मैल एक मिनिट दहा सेकंदांच्या आत. लांब शर्यतीत हा वेग म्हणजे आत्मघातच, जाणकारांना वाटलं दोघंही पुढे मरगळणार आणि मागून तिसराच कुणीतरी येणार. शॅम खरंच संपला, हळूहळू मागे जात जात शेवटचा आला. सेक्रेटॅरिएट मात्र थांबेचना. जॉकी रॉन टरकॉटने चाबूक उगारलाही नाही, तो नुसता बसून होता आणि अंतर वाढतच गेलं, दहा लेंग्थ, वीस लेंग्थ, मग टीव्हीवाल्यांना मागचे घोडे फ्रेममध्ये घ्यायला कॅमेरा लांब न्यावा लागला. (एक लेंग्थ म्हणजे एका घोड्याची लांबी, साधारण अडीच मीटर.) शेवटच्या टप्प्यात टरकॉट मान वळवून डावीकडे मैदानातल्या घड्याळाकडे बघतो, तो फोटो जगभर गाजला. जिंकला एकतीस लेंग्थने, वेळ २ मिनिटं २४ सेकंद. आधीचा तिथला रेकॉर्ड दोन सेकंदांहून जास्त फरकाने मोडला, आणि मातीच्या ट्रॅकवर दीड मैलाचा तो रेकॉर्ड अजूनही तसाच आहे.

त्या दिवशी त्याच्यावर पैसे लावलेल्यांनी जिंकलेली ५,६१७ तिकिटं वटवलीच नाहीत, आठवण म्हणून ठेवून दिली. दोन डॉलरवर दोन डॉलर वीस सेंट मिळणार होते, ते सोडले आणि कागद जपला, लोकांना त्याच दिवशी कळलं होतं आपण काय पाहिलंय ते.

पण मला त्या शर्यतीत शॅमबद्दलही तेवढंच वाटतं. डर्बीच्या वेळी गेटवर तोंड आपटून त्याचे दोन दात तुटले होते, तरी रक्त गळत असताना तो दुसरा आला, आणि तेव्हाही तो इतका जोरात पळाला होता की दुसऱ्या कुठल्याही वर्षी बहुतेक तोच जिंकला असता. पुढे तो मेल्यावर पशुवैद्यांनी त्याचं हृदय वजन केलं तर जवळपास आठ किलो भरलं, साध्या घोड्याच्या साधारण दुप्पट. सेक्रेटॅरिएटचं वजन केलं नव्हतं, पण दोन्ही हृदयं पाहिलेल्या त्याच डॉक्टरांचा अंदाज होता दहा किलोच्या आसपास. म्हणजे शॅमचं नशीब काय तर जन्मसाल चुकलं. बेलमाँटनंतर तो पुन्हा शर्यतीत उतरलाच नाही.

प्रश्न : फोटो फिनिशमध्ये नेमकं काय बघतात? पी. टी. उषाचं पदक खरंच एका शतांश सेकंदाने गेलं का?

हो, खरंच. १९८४, लॉस एंजेलिस, ४०० मीटर हर्डल्स. तिसरी आलेली रुमानियाची क्रिस्टिना कोजोकारू ५५.४१ सेकंद, उषा ५५.४२. पहिली आली मोरोक्कोची नवल अल मुतावकिल आणि तो तिच्या देशासाठी ऐतिहासिक दिवस होता, पण आपल्याकडे ती शर्यत चौथ्या नंबरसाठीच आठवतात आणि त्यात गैर काही नाही.

आता कॅमेऱ्याचं. तो आपल्या फोनसारखा सगळ्या ट्रॅकचा एक फोटो काढत नाही. तो फक्त फिनिश लाइनच्या एका बारीक चिरेकडे बघतो आणि सेकंदाला हजारो वेळा तेवढीच चीर टिपून त्या पट्ट्या शेजारी शेजारी लावतो. म्हणून त्या फोटोत पाय विचित्र ताणलेले दिसतात. डावी-उजवीकडचं अंतर हे अंतर नसतंच, ती वेळ असते. आणि बघतात काय तर धड. डोकं, मान, हात, पाय यांपैकी काहीही आधी पोचलं तरी ते मोजत नाहीत, छाती आधी पोचली पाहिजे. म्हणूनच धावपटू शेवटच्या पावलाला छाती पुढे झोकून देतात. उषाने तसं झोकून दिलं नाही हेच तिला नडलं असं बहुतेक जाणकार म्हणतात. त्यात त्या शर्यतीत एकदा फॉल्स स्टार्ट होऊन सगळ्यांना परत रेषेवर यावं लागलं होतं, लय बिघडायला तेवढंही पुरतं.

घोड्यांचा नियम मात्र वेगळा, तिथे नाक बघतात. पळताना घोड्याची मान सारखी खालीवर होत असते, त्यामुळे दोघं बरोबरीत असले तर रेषेच्या क्षणी कुणाची मान पुढे होती यावरही शर्यत जाते, एक पाऊल आधी किंवा नंतर बघितलं तर दुसराच पुढे असतो. मला हे माणसांच्या नियमापेक्षाही क्रूर वाटतं.

मिल्खा सिंग यांच्याबद्दलही बऱ्याच जणांनी विचारलंय. १९६० चं रोम, ४०० मीटर, मिल्खा ४५.६, तिसरा आलेला दक्षिण आफ्रिकेचा माल्कम स्पेन्स ४५.५. मधेच वेग जरा कमी केला आणि तिथेच गेलं असं मिल्खा स्वतः सांगायचे, आयुष्यभर सांगत राहिले.

प्रश्न : माझे वडील कायम ‘रेड रम’ नावाच्या घोड्याचं नाव घ्यायचे. त्याने नक्की काय केलं होतं?

इंग्लंडच्या एंट्री (Aintree) रेसकोर्सवरची ग्रँड नॅशनल त्याने तीनदा जिंकली, १९७३, १९७४ आणि १९७७, आणि मधल्या दोन्ही वर्षी दुसरा आला. ही शर्यत साधी नाही. तेव्हा सव्वासात किलोमीटरच्या आसपास अंतर होतं आणि तीस अडथळे, पुष्कळ घोडे तर शेवटपर्यंत पोचतही नाहीत, तिथे पाच वर्षं लागोपाठ पहिल्या दोघांत येणं म्हणजे काय ते बघा. त्यात याच्या पायाच्या हाडाला आजार होता. त्याचे ट्रेनर जिंजर मॅककेन त्याला साउथपोर्टच्या समुद्रकिनाऱ्यावर पळवायचे, ओली वाळू आणि खारं पाणी याने त्या पायांना आराम पडला असं सगळेच मानतात.

पण तुमच्या वडिलांच्या मनात जी शर्यत असेल ती बहुतेक १९७३ ची, आणि त्या शर्यतीचा खरा नायक माझ्या मते क्रिस्प. ऑस्ट्रेलियाचा धिप्पाड घोडा. हँडिकॅपच्या नियमाने चांगल्या घोड्यावर जास्त वजन टाकतात, म्हणून क्रिस्पच्या पाठीवर १२ स्टोन म्हणजे शहात्तर किलो आणि रेड रमवर त्याहून दहा किलो कमी. एवढं वजन घेऊन क्रिस्प सुरुवातीपासून पुढे गेला आणि एकेक अडथळा असा उडत होता की मागचे दिसेनासे झाले. शेवटचा अडथळा ओलांडला तेव्हाही रेड रम पंधराएक लेंग्थ मागे होता. उरली होती फक्त सपाट धाव, जेमतेम साडेचारशे मीटर.

आणि तिथे क्रिस्पचे पाय गेले. तो पळत होता पण सरळ पळत नव्हता, झोकांड्या खात होता. जॉकी रिचर्ड पिटमनने उजव्या हाताने चाबूक मारला आणि तो डावीकडे भरकटला, ही आपली चूक असं पिटमन नंतर कायम म्हणत आले. मागून रेड रम एकसारखा येत राहिला आणि अगदी शेवटच्या काही ढांगांत पुढे गेला. फरक पाऊण लेंग्थ. दोघांनीही आधीचा रेकॉर्ड अठरा सेकंदांच्या आसपास मागे टाकला होता, म्हणजे क्रिस्प हरताना सुद्धा त्याआधीच्या प्रत्येक विजेत्यापेक्षा जोरात पळाला होता. व्हिडिओ मिळतो, जरूर बघा, शेवट माहीत असूनही दर वेळी वाटतं की यावेळी क्रिस्प टिकेल.

रेड रम १९९५ मध्ये गेला आणि त्याला एंट्रीच्याच विनिंग पोस्टजवळ पुरलंय.

प्रश्न : बॉब बीमनच्या उडीचं एवढं कौतुक का? तिथे हवा विरळ होती, वारा पाठीमागून होता.

दोन्ही खरं आहे. ही १९६८ च्या मेक्सिको सिटी ऑलिंपिकमधली लांब उडी, शहर समुद्रसपाटीपासून २,२४० मीटर वर आणि वारा सेकंदाला बरोब्बर २.० मीटर, नियमात बसतो त्याची शेवटची मर्यादा. पण त्याच हवेत बाकीचेही उडत होते की, आधीचा जागतिक रेकॉर्ड ज्यांच्या नावावर होता ते राल्फ बोस्टनही त्याच स्पर्धेत होते. तो रेकॉर्ड होता ८.३५ मीटर. १८ ऑक्टोबर १९६८ ला बीमन ८.९० उडाला. एका उडीत पंचावन्न सेंटिमीटर! मोजायला जे दुर्बिणीचं यंत्र लावलं होतं ते सरकत सरकत रुळाच्या टोकाला आलं आणि तिथून पुढे त्याला मोजताच येईना, शेवटी साधी टेप आणून मोजलं. बोर्डावर आकडा आला तरी बीमनला मीटरचा हिशेब कळला नाही, बोस्टननेच फुटांत सांगितलं, २९ फुटांच्या पुढे गेलास म्हणून, तेव्हा त्याच्या पायातलं बळच गेलं आणि तो जमिनीवर कोसळला. हा गडी पात्रता फेरीत दोन फाउल करून बाहेर जाण्याच्या बेतात होता हे विशेष. जागतिक रेकॉर्ड १९९१ मध्ये माइक पॉवेलने ८.९५ ने मोडला, ऑलिंपिक रेकॉर्ड आजही बीमनचाच.

प्रश्न : कपिलच्या १७५ चा व्हिडिओ कुठे मिळेल?

मिळणार नाही. १८ जून १९८३, टनब्रिज वेल्स, झिंबाब्वेविरुद्ध ५ बाद १७ वरून नाबाद १७५, आणि त्या सामन्याचं टीव्ही चित्रण झालंच नाही. फोटो आहेत, स्कोअरकार्ड आहे. किरमाणीबरोबरची नवव्या विकेटची नाबाद १२६ ची भागीदारी ज्यांनी मैदानात बसून पाहिली त्यांनीच पाहिली.

प्रश्न : हे सगळं ठीक, पण घोडे मरतात त्याचं काय? त्यांना कुणी विचारतं का?

प्रश्न रास्त आहे आणि तो टाळून घोड्यांचं कौतुक करू नये असं मलाही वाटतं. रफियन नावाची घोडी होती, पहिल्या दहाच्या दहा शर्यती जिंकलेली. ६ जुलै १९७५ ला बेलमाँटवर त्या वर्षीचा डर्बी विजेता फूलिश प्लेझर आणि ती अशी दोघांचीच शर्यत ठेवली, जाहिरातबाजी प्रचंड. ती पुढे असतानाच तिच्या उजव्या पुढच्या पायाचं हाड मोडलं. जॉकी थांबवायला बघत होता आणि ती मोडक्या पायावर पळतच राहिली. ऑपरेशन झालं, पण भूल उतरताना तिने पाय झाडले, प्लास्टर फुटलं, आणि तिला दयामरण द्यावं लागलं.

घोड्याचा पाय मोडला की एवढं अवघड का होतं, तर वजन चार-पाचशे किलो, त्याला महिनोन्‌महिने झोपवून ठेवता येत नाही आणि उभं ठेवलं तर भार दुसऱ्या पायांवर येऊन ते खूर सुजतात, त्यातूनही घोडा जातो. पुढे ऑपरेशननंतर घोड्याला पाण्याच्या टाकीत तरंगत ठेवून शुद्धीवर आणायची पद्धत आली, कारण पाण्यात पाय झाडले तरी आपटत नाहीत. ग्रँड नॅशनलमध्येही २०२४ पासून घोडे चाळीसवरून चौतीस केले आणि पहिला अडथळा सुरुवातीच्या जवळ आणला म्हणजे तिथे येईपर्यंत वेग फार वाढू नये. एवढं पुरेसं आहे का? माझ्या मते नाही. दोन घोड्यांची तशी तमाशाची शर्यत तर पुन्हा कुणी ठेवूच नये.

प्रश्न : मी आठवीत आहे आणि रायडिंग शिकते. ऑलिंपिकमध्ये मुलींची घोडेस्वारी वेगळी असते का?

नाही, तुला मुलांबरोबरच उतरायचंय! ड्रेसाज (घोड्याकडून ठरलेल्या चाली करून घेणं), जंपिंग (अडथळे ओलांडणं), इव्हेंटिंग (ही दोन्ही आणि मैदानी दौड एकत्र), तिन्ही प्रकारांत पुरुष आणि स्त्रिया एकाच स्पर्धेत असतात. आणि आपल्याकडेही आता जमायला लागलंय, २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत भारताने ड्रेसाजचं सांघिक सोनं घेतलं, घोडेस्वारीतलं एक्केचाळीस वर्षांनंतरचं पहिलं, आणि त्या चौघांत दोन मुली होत्या, सुदीप्ती हजेला आणि दिव्यकृती सिंग.

पण तू एक नाव लक्षात ठेव, लिस हार्टेल, डेन्मार्कची. १९४४ मध्ये गरोदर असताना तिला पोलिओ झाला आणि गुडघ्यांखाली पाय कायमचे लुळे राहिले. आता ड्रेसाजमध्ये घोड्याला सूचना द्यायच्या त्या मुख्यतः पायांनीच, टाचेचा जरासा दाब, पोटरीचा स्पर्श, हे तू शिकतच असशील. तिला ते शक्यच नव्हतं. तिने ज्युबिली नावाच्या घोडीला बसण्याच्या भारावरून आणि पाठीच्या हालचालीवरून समजून घ्यायला शिकवलं. तिला घोड्यावर चढवायला आणि उतरवायला माणूस लागायचा. १९५२ ला हेलसिंकीत ड्रेसाज पहिल्यांदाच स्त्रियांना खुलं झालं आणि तिने पुरुषांसमोर रौप्य मिळवलं. सोनं जिंकलेला स्वीडनचा हेन्री सेंट सिर तिला हात देऊन पोडियमवर घेऊन गेला. त्याच हेलसिंकीत, त्याच जुलैमध्ये, आपल्या खाशाबा जाधवांनी कुस्तीचं ब्राँझ घेतलं होतं. एकाच गावात एकाच महिन्यात दोन्ही, विचार कर.

चार वर्षांनी हार्टेलने पुन्हा रौप्य घेतलं, ज्युबिलीवरच. त्या वर्षीचं ऑलिंपिक मेलबर्नला होतं पण ऑस्ट्रेलियाचे प्राण्यांच्या क्वारंटाइनचे नियम इतके कडक की घोडेस्वारी तेवढी वेगळी काढून जूनमध्ये स्टॉकहोमला घेतली. तुझ्या सरांना विचार ड्रेसाज कधी सुरू करणार ते, आणि मग आम्हाला कळव.